एका हाकेला दोन ओ

दार ओढून घ्या आधी. आणि हे बघा, मध्येच "मग काय झालं" करायचं नाही, सांगायचं तेव्हा सांगेन. त्या मुलीचं नावही विचारायचं नाही. मी ते तोंडातून काढत नाही.

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. भिंतीला भिंत लागून एकाचं नावं कोरायचं दुकान. भांडी आणा, ढाली आणा, दारावरची पाटी आणा, तो नाव घालून द्यायचा. आम्ही त्याला नाववालाच म्हणायचो. गडी भला, पण हट्टी.

त्याची पहिली मुलगी चार वर्षांची होऊन तापानं गेली. डावखुरी होती पोर. तिच्यासाठी त्यानं स्टीलच्या कपावर नाव कोरलं होतं, तेही असं की कपाचा कान डाव्या हातात धरला की नाव तिच्याकडे यावं. दूध पिताना आपलं नाव बघत बसायची ती. तीन वर्षांनी दुसरी झाली, आणि या शहाण्यानं तिला तेच नाव ठेवलं. बायको नको नको म्हणत होती. हा म्हणे, कप आहे, चमचा आहे, डबा आहे, सगळ्यांवर नाव घातलेलंच आहे की. खरं कारण ते नव्हतं. त्याला ती हाक सोडवत नव्हती, दुसरं काही नाही. बायकोनं मात्र धाकटीला त्या नावानं कधी हाक मारली नाही. "बाळा" म्हणायची, बस्स. धाकटी उजव्या हाताची. तिनं तो कप उचलला की नाव समोरच्याकडे व्हायचं, आणि नाववाला हसायचा.

धाकटीला चार पूर्ण झाली त्या थंडीत तिला खोकला लागला. एक दिवस हा दुकान बंद करून, तिचं औषध घेऊन घरी निघाला. गल्लीच्या तोंडाशी आलं की पोरीला नावानं हाक मारायची त्याची सवय. आतून ओ यायची, मग कडी वाजायची. त्या दिवशी हाक मारली. आतून ओ आली, खोकत. आणि मागून, रस्त्यावरून, दुसरी ओ आली. खणखणीत. वळून बघतो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मला सांगताना हसत होता. मीही म्हणालो, कान दाखवून ये कोणाला तरी. आठवड्यात त्याचं हसणं बंद झालं. मागची ओ रोज थोडी जवळ येत होती. घरातली रोज बारीक होत होती. पोरीला ताप चढला तो उतरेना. डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं. घसा पार बसला तिचा. शेवटी बायकोनं त्याचा हात धरला. म्हणाली, "अहो, ते नाव तिचं आहे, तिला परत द्या. नाहीतर माझी हीपण जाईल."

मंगळवार होता. दिवसभर बसून त्यानं नवा कप केला. नवं नाव, उजव्या हातात धरल्यावर पोरीकडे येईल असं. रात्री पावणेअकराला माझ्याकडे टॉर्च मागायला आला. घड्याळवाला आहे मी, वेळ चुकीची सांगणार नाही. सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाला. मी त्याला एकट्याला जाऊ दिलं. ते मला अजून खातं.

पुढचं त्यानंच सांगितलेलं. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, लहान मुलांना पुरतात ती जागा. पहिलीच्या उशाला दगड होता. त्या दगडाकडे नाव करून त्यानं जुना कप मातीत रोवला. नावानं हाक मारली. म्हणाला, "हे तुझं. घे."

काही नाही...

मग खालून ओ आली. बारीक. घसा बसलेली. आणि मागोमाग खोकला.

तो टॉर्च टाकून पळाला. काम झालं, एवढंच त्याच्या डोक्यात. गल्लीच्या तोंडाशी थांबला. दम घेतला. नव्या नावानं हाक मारली, पहिल्यांदाच.

मागे... शांत.

आतून ओ आली. खणखणीत. कडी वाजली. पोरगी दारात उभी. कपाळ गार. त्यानं तिला उचललं आणि ढसाढसा रडला. बायको भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली नाही.

सकाळी नव्या कपात दूध दिलं. पोरीनं कप उचलला. डाव्या हातानं. एक घोट घेतला, थांबली, कप फिरवून बघितला.

"बाबा, नाव पलीकडे का घातलं? माझं तर माझ्याकडे असतं ना?"

बायको तशीच अनवाणी बाहेर पडली.

दुपारी मी टॉर्च आणायला गेलो तेव्हा ती तिथेच होती. मातीला तोंड लावून "बाळा... बाळा..." करत होती. कपाला हात लावलास का, म्हणून विचारलं. तिनं मान हलवली. नाही.

कप जागच्या जागी रोवलेला होता. पण नाव दगडाकडे नव्हतं.

समोरच्याकडे होतं. माझ्याकडे.