मागे फिरणारं कार्ड

झालंच गं बाळे, झालंच गं राणी,
चुलीवर उकळतं नुसतंच पाणी.

भुकेनं रडणाऱ्या लेकीला आई असं गाऊन थोपवायची. तो आवाज ताईच्या कानात अजून होता. आज तिला त्याची आठवण काढायला सवड नव्हती. ऑफिसातल्या कामांच्या फळ्यावरचं पिवळं कार्ड पुन्हा मागे गेलं होतं.

काल संध्याकाळी ते ‘झालं’च्या रकान्यात होतं. आज सकाळी ‘चालू’च्या. सलग तिसऱ्यांदा.

कार्डावर लिहिलं होतं, ‘वजनावरून औषधाचा डोस’. उद्या हे सॉफ्टवेअर एका इस्पितळात, नवजात बाळांच्या कक्षात सुरू व्हायचं होतं.

ताई या टीमची स्क्रम मास्टर. रोज सकाळी सगळ्यांना फळ्यासमोर उभं करून विचारायचं, काय झालं, काय राहिलं, अडचण काय? ‘झालं, झालं’ ऐकून तिचे कान किटले होते. अडचण कुणालाच नसायची.

“लॉगिनचं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“रिपोर्टचं?”

“झालं काल.”

“डोसचं?”

“झालंच,” मुनी म्हणाला. हा प्रोग्रामर इतकं कमी बोलायचा की नाव तेच पडलं होतं.

“मग कार्ड इथे कसं?” मॅनेजरसाहेब तडकले. “ही खोडी खुसपटबाईची. उद्यापासून ती या टीमवर नको. आपण चपळ पद्धतीनं काम करतो, ताई.”

“चपळ उंदीरही असतो, साहेब. गोल गोल पळतो.”

कार्ड चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून नीट बसवलं होतं. वाऱ्यानं पडलं असतं तर जमिनीवर सापडलं असतं. शेजारच्या एकाही कार्डाला हात लागला नव्हता.

खुसपटबाई म्हणजे टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातलं खुसपट शोधण्याचाच तिला पगार. ताईनं तिला बाजूला घेतलं.

“कार्ड तू हलवलंस?”

“मी हलवलं असतं तर सगळ्यांसमोर, भांडून. गुपचूप कशाला? मला ओळखत नाहीस?”

“डोसमध्ये चूक सापडली का काही?”

“सापडायला माझ्याकडे आलं कुठे? ‘तपासणी’चा रकाना ओलांडून साहेबांनी थेट ‘झालं’मध्ये नेऊन चिकटवलं.”

साहेब केबिनमध्ये होते.

“कार्ड तुम्हीच पुढे नेता?”

“रोज संध्याकाळी. मुनी सकाळी सांगतो ना, झालं म्हणून.”

“झालं, असं म्हणतो?”

“मग काय म्हणतो? शब्दांचा कीस काढू नका, ताई. इस्पितळाला मी शब्द दिलाय.”

ताई दारातच थबकली. चुलीवर उकळतं नुसतंच पाणी. तिला स्वतःचाच राग आला. इतके दिवस रोज सकाळी ऐकलं, आणि ऐकलंच नाही.

तिनं सगळ्यांना पुन्हा फळ्यासमोर बोलावलं.

“आता कशाला?” साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

“कार्ड कुणी हलवलं ते सांगायला. साहेब ते पुढे नेतात, म्हणजे मागे नेणारे ते नव्हेत. टेस्टरनं काम पाहिलेलंच नाही, मग ते अपुरं आहे हे तिला कुठून कळणार? बाकी कुठल्याही कार्डाला हात नाही. म्हणजे हलवणाऱ्याला या एकाच कामाची आतली गोष्ट माहीत होती.”

ताईनं ‘झालं’च्या रकान्याकडे हात केला.

“झालेल्या कामाला आपण सगळे ‘झालं’ म्हणतो. एकच जण रोज ‘झालंच’ म्हणतो. माझी आईही म्हणायची, तेव्हा आधणात काही पडलेलं नसायचं. लेकरानं रडू नये म्हणून म्हणायची. तू कुणासाठी म्हणतोस, मुनी?”

साहेबांनी तोंड उघडलं, तसा ताईनं हात वर केला.

“साहेबांसमोर तोंडातून नाही निघत, म्हणून सकाळी लवकर येऊन हातानं सांगत होतास. होय ना? पण उद्या त्या कक्षात फळा नसेल रे. बाळं असतील.”

“मला वाटायचं, आज सापडेल,” मुनी पुटपुटला. “रोज वाटायचं.”

“काय सापडेल?”

त्यानं पुढे होऊन कार्डावर बोट ठेवलं.

“नाही झालेलं. एक किलोच्या आतल्या बाळाला ते दुप्पट डोस सांगतं. का सांगतं, ते मला कळत नाहीये, ताई. मला एकट्याला नाही जमत.”