खालचा सेट

राजस, तो डबा इकडे दे. उर्वी, दार लोटून घे, वारं येतंय.

हं. काय छापलंय यावर? 'दहा किलोमीटर'! छापायला काय जातंय त्यांचं? अरे, ट्रेकला दोन डोंगरांच्या माथ्यांवर समोरासमोर उभे राहिलात तर मिळेल कदाचित. खाली झाडीत उतरलात की किलोमीटरभर मिळालं तरी नशीब समजा. आणि ही केबल! हिचं तोंड बघितलं तरी माझं डोकं फिरतं. हसू नका.

देतो, तुमच्या वॉकीटॉकीत चॅनेल भरून देतो. पण उद्या, आणि पहिल्यापासून एकेक आकडा टाकून. तयार फाईल मागायची नाही. का, ते सांगतो. लाईट गेलीच आहे, तोवर कॉम्प्युटर तसाही बंद.

माझा एक विद्यार्थी आहे, धोंडप्पा. वळसंगला शेती करतो. खोटं वाटलं तर जाऊन विचारा त्याला. दोन हजार चोवीसच्या जानेवारीत तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, शेतात मोबाईलला रेंज न्हाय. मोटारीची लाईट आता रातच्याला बाराला येणार. कांद्याला पाणी तर द्यायलाच पायजे की. अन् दानेश्वरीला नववा लागलाय. दुखायला लागलं तर मला कळंल कसं?"

"आणि आई?"

"आई होटगीला, ताईकडं. दानेश्वरी एकलीच हाय घरात."

घर ते शेत जेमतेम एक किलोमीटर. मी त्याला सांगितलं, मोठ्या ताकदीचे सेट घेऊ नकोस, त्याला परवाना लागतो. कमी ताकदीचे, बिनपरवान्याचे घे. स्वस्तातली जोडी आली. आणि इथून माझी साडेसाती सुरू झाली.

चार संध्याकाळी, पोरांनो! पहिल्या दिवशी कॉम्प्युटर म्हणतो, सेट सापडला नाही. हातात धरलाय मी तो, आणि म्हणे सापडला नाही! दुसऱ्या दिवशी सापडला, तर केबलचा ड्रायव्हर चालेना. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर चालला. सेटमधलं आधी वाचून घ्यायचं, मग नवं लिहायचं, असा नियम. वाचलं. लिहायला घेतलं, तर नव्याण्णव टक्क्यांवर थांबलं. सहा वेळा! मी केबल भिंतीवर फेकून मारली.

चौथ्या दिवशी धोंडप्पा समोर बसलेला. म्हणाला, "सर, आज रातीपासनं लाईट बाराची हाय." मी इतका वैतागलो होतो, की कॉम्प्युटरमध्ये एक जुनी फाईल पडली होती, तीच टाकली. फाईलचं नाव 'विहीर'. एका दमात गेली. शंभर टक्के. दोन्ही सेटमध्ये. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! गाढव मी.

ती फाईल कुणाची, ते सांगतो. पाच वर्षांपूर्वी विहिरी खोदणाऱ्या टोळीचा एक मुकादम आला होता. त्याचे दोन सेट. एक वर यारीवाल्याकडे, म्हणजे माती आणि माणसं दोरानं वर ओढणाऱ्या यंत्रावरच्या माणसाकडे, आणि एक खाली खोदणाऱ्याकडे. इंजिनाच्या आवाजात खालची हाक वर येत नाही ना, म्हणून. त्यांना मी चॅनेल आणि टोन भरून दिला होता. टोन म्हणजे असं, की तो जुळला तरच आवाज उघडतो, एरवी सेट मुका. पुढं महिन्याभरात एका विहिरीची कड ढासळली आणि खालचा माणूस गेला. तो सापडला नाही, आणि त्याचा सेटही नाही. मुकादम मला सांगायला आला होता. कुठल्या गावची विहीर, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ही माझी चूक आहे, आणि तिचा मला आजही राग येतो.

सतरा जानेवारी, बुधवारची रात्र. बाराला लाईट आली, धोंडप्पानं मोटार चालू केली. एकदा दानेश्वरी बोलली. "थंडी लई हाय, कानाला बांधा." आवाज खणखणीत. त्याला बरं वाटलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी सेट खरखरला.

"...वर घ्या की."

बाप्याचा आवाज. तोंडात माती असल्यागत. धोंडप्पाला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी सेट असेल. मग आठवलं, मी टोन भरलाय. तिसऱ्याचा आवाज यायलाच नको.

"...दोर सोडा. ...वर घ्या."

तो गप झाला आणि लगेच दानेश्वरी बोलली. घाबरलेली. "अवं, काय झालं? पडलासा का काय? कुटं हायसा?"

तिला वाटलं, नवराच बोलतोय. दुसरा सेट नवऱ्याकडे, मग दुसरं कोण असणार?

धोंडप्पानं बटण दाबलं. "मी न्हाय त्यो! ऐकतीस का? मी न्हाय!" पण या सेटचं एक आहे. एका वेळी एकानंच बोलायचं. दोघांनी दाबलं, की एकाचा आवाज दुसऱ्याखाली गाडला जातो. यानं बोट काढलं, तर तो आवाज चालूच होता.

"...वाटंवरच्या हिरीत."

"आले. दोर घिऊन आले मी. हात सोडू नगा!"

"दानेश्वरी! घरातच थांब! दानू!"

नाही गेलं. पुन्हा दाबलं. नाही गेलं. ती थांबली रे थांबली, की तो बोलायचा. मधे श्वासाएवढीही जागा नाही. धोंडप्पा सेटवर ओरडत होता, शिव्या देत होता, रडत होता. नऊ महिन्यांची बाई. अंधारात. दोर घेऊन. विहिरीच्या कडेला.

त्यानं सेट फेकला... आणि पळाला.

घर आणि शेताच्या मधे, वाटेवर, एक अर्धवट विहीर आहे. पाच वर्षांपूर्वी खोदता खोदता सोडलेली. कठडा नाही. पाणी आहे, पण कुणी पीत नाही.

बॅटरीचा उजेड टाकला.

दानेश्वरी काठावर बसली होती. जिवंत. घामाघूम. दोन्ही तळवे सोललेले. बाजूला ओल्या दोराचा ढीग. सगळा वर ओढलेला.

तिनं वळून बघितलं.

"...परत का आलासा?"

"परत?"

"आत्ता तर वर घेतलं तुमाला. दोर काढून टाकला... अन् न बोलता घराकडं गेलासा की."

धोंडप्पानं तिला धरून उठवलं.

"अवं... एवढं हलकं कसं वो झालासा तुमी?"

...

ते घरी गेले नाहीत. तिला धरून त्यानं उलटी वाट धरली. मोटारीच्या खोलीत, दाराला फावडं लावून, दोघं सकाळपर्यंत बसले. उजाडल्यावर चार माणसं गोळा केली आणि घर उघडलं. आत कुणी नाही. भांडंसुद्धा हललेलं नाही. नवव्या दिवशी मुलगी झाली. दोघी सुखरूप. तेवढं देवानं राखलं.

मी गेलो होतो, तो त्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी. केबल, कॉम्प्युटर सगळं घेऊन. दोन्ही सेट कोरे केले, फाईल पुसली, तेव्हा कुठं श्वास घेतला. निघताना धोंडप्पा म्हणाला, "सर, एक बघा की." गोठ्यात नेलं. खुंटीला तो दोर टांगलेला. आणून टांगल्यापासून कुणी शिवलं नव्हतं.

टोकाला एक फास होता. माणसाच्या कमरेएवढा. विहिरीत उतरणारी माणसं अंगाला बांधतात, तसल्या गाठीचा. दानेश्वरीला ती गाठ येत नाही. धोंडप्पाला येत नाही.

थंडी इतकी, की बोटं वळत नव्हती. खुंटी गार. दोर गार, अजून ओलसर.

मी फासात हात घातला...

आतून तो कोमट होता.