एका घरात दोन

वेंगुर्ल्यासमोरच्या तरंगत्या प्रयोगशाळेत खेळ रंगात आला होता. पाण्याखालच्या काचेच्या तबकात फासे पडले होते. त्यांच्या बाजूंवर प्राणी उठावात कोरलेले होते: कासव, पाकट, माकूल, समुद्रगाय. आळीपाळीने एकेक फासा उचलून आपापल्या पटावर मांडायचा. एका जातीचे प्राणी शेजारी आले की गुण. डाव होता सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. इरावती खानोलकर आणि शेवंती नावाच्या डॉल्फिनमध्ये.

"परत हरणार ही!" इरावतीबाई वैतागल्या. "हातचं कासव सोडून समुद्रगाय उचलली, आणि ठेवली कुठे, तर पार कोपऱ्यात. हिला खेळ कळत नाही म्हणून समिती प्रयोगच बंद करेल."

ध्वनितज्ज्ञ बस्त्याव फर्नांडिस प्रतिनादवाचक यंत्राच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "बाई, खेळायचं म्हणजे खोटंखोटं मानायचं. तिथंच घोडं अडतंय."

"म्हणजे?"

"आपला 'मासा' हा शब्द माशासारखा नसतो, म्हणून नसलेल्या माशाबद्दलही आपण बोलतो. डॉल्फिनचा शब्द म्हणजे वस्तूवर आपटून आलेला प्रतिनादच. जो तिनं ऐकला, तोच ती पुन्हा काढते. तिच्या भाषेत खोटं नाही, मग खोटंखोटं कुठून येणार?"

तेवढ्यात शेवंतीने चोचीने दुसरी समुद्रगाय ढकलली, त्याच घरात.

"एका घरात दोन चालत नाहीत," बस्त्याव हसले.

इरावतीबाई मात्र हसल्या नाहीत. पट याच किनाऱ्याच्या नकाशावरून बनवला होता. "बस्त्याव, हे कोपऱ्यातलं घर कुठलं?"

"निवतीच्या बाजूचं. समुद्रगायींनी चरायला यावं म्हणून आपण समुद्रगवत लावलं होतं, तिथलं."

ते गवत वाया गेलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. या किनाऱ्यावर समुद्रगाय कुणी पाहिलीच नव्हती.

"ही खेळत नाहीये, ऐकलं ते सांगतेय! होडी काढा!"

निवतीजवळ पाणी नितळ होतं. खाली हिरवं गवत डुलत होतं, आणि त्यात तोंड खुपसून एक भलंमोठं करडं जनावर निवांत चरत होतं. बस्त्यावनी छातीवर क्रूस काढला. मग त्या जनावराच्या कुशीतून एक इवलंसं, सुरकुतलेलं नाक वर आलं आणि फुर्रकन श्वास सोडून पुन्हा आईला बिलगलं.

"पिल्लू!" इरावतीबाईंनी चष्मा काढून बस्त्यावच्या हातात कोंबला आणि होडीच्या काठावरून पाय पाण्यात सोडले.

"अहो बाई, साडी!"

"भिजू दे हो!" म्हणत त्या अलगद पाण्यात उतरल्या.