सात नंबरच्या घराचं दार

"ताई, आणखी एक गेली." चेमाने फळी उचलून दाखवली. दुसऱ्या फळीच्या खाचेत बसणारी तिची जीभ मुळापासून तुटली होती.

सकाळपासूनची ही पाचवी. टाकाऊ प्लास्टिक वितळवून केलेल्या या जाड फळ्या एकीत एक अडकवल्या की भिंत उभी राहते. सिमेंट नको, खिळा नको. पुएब्ला शहराबाहेरच्या त्या वस्तीत अशी सहा घरं झाली होती. सातवं सित्लाली आणि तिचा भाऊ चेमा यांचं.

त्यांचं पत्र्याचं खोपट वादळात उडालं, त्याला तीन वर्षं झाली. होविता मावशीच्या खोलीत दोन मुलं कशीबशी मावली. आईचं अंथरूण मावेना. ती दूर उत्तरेला, मोंतेर्रेला गेली आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवू लागली. जाताना म्हणाली होती, "नव्या घराला दार लागलं की कळव. मी येऊन ठोठावते." तेव्हापासून कुठेही टकटक झाली की सित्लालीचं काळीज हलायचं. मग ती स्वतःवरच चिडायची.

"होविताबाईंच्या गोण्यांतल्या प्लास्टिकमध्ये सगळा कचरा," रुफिनो मिस्त्री सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चार वाजता इंजिनिअर बाई काम बघायला येतायत. मी सांगणार, हे घर आता पावसाळ्यानंतर."

"कचरा वेचणाऱ्या बाईच्या गोणीत कचरा नाही तर काय आंबे असणार?" शेजारचा टेयो पुटपुटला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मावशी म्हणाली. वीस वर्षं तिने हाताने प्लास्टिक ओळखलं होतं. ती गोणी उचलून घरामागे निघून गेली.

"मावशी चुकणार नाही," सित्लाली म्हणाली. "टेयो, बादली भरून आण."

तुटलेला तुकडा तिने पाण्यात सोडला. तो थेट तळाला गेला. गेल्या आठवड्यातल्या फळीचा तुकडा मात्र मजेत तरंगत राहिला.

"यात बाटल्यांचा चुरा राहिलाय," टेयो म्हणाला. बाटल्या झाकणांसकट दळतात आणि चुरा पाण्याच्या टाकीत टाकतात. झाकणांचा तरंगतो, तो फळीसाठी घेतात, बाटल्यांचा बुडतो. तो चुकून फळीत गेला तर नीट वितळत नाही, भातात खडा राहावा तसा राहतो.

"मग टाकीने तो का नाही पकडला?"

चेमाने फळ्या उलटून खडूच्या तारखा वाचल्या. "तुटलेल्या सगळ्या सोमवार-मंगळवारच्या आहेत."

"आणि पाण्याचा टँकर आला काल, बुधवारी," टेयो म्हणाला. "म्हणजे सोमवारी टाकी कोरडी होती. पण शुक्रवारी तर काठोकाठ भरली होती. मधल्या शनिवारी असं काय..."

तो थांबला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ईस्टरच्या आधीचा शनिवार! त्या दिवशी दिसेल त्याच्या अंगावर पाण्याची बादली ओतायची रीत, मग तो पाद्री असो की पोलीस.

"आपण पण आठ बादल्या नेल्या," चेमा हळूच म्हणाला.

सित्लालीने बुडालेला तुकडा बादलीतून काढून मुठीत धरला. हे सांगितलं तर घर मिळेल, की आपल्याच चुकीमुळे जाईल? तिला आईचं ते अंथरूण आठवलं, दोरीने बांधून बसच्या टपावर चढवलेलं.

चार वाजता मिस्त्री इंजिनिअर बाईंना गोण्या दाखवू लागला. एवढ्यात चेमा भोळा चेहरा करून मध्ये घुसला. "मिस्त्री, शनिवारी तुम्ही मला भिजवलंत ना, पाणी काय गार होतं! कुठलं हो?"

"टाकीतलं, दुसरं कुठलं? पार खरवडून काढ..." मिस्त्रीने जीभ चावली.

"मग सोमवारी चुरा कशात निवडलात?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रीने टोपी काढली. पुन्हा घातली. "म्हटलं, दोन दिवसांनी काय बिघडतंय."

"त्यातल्या आठ बादल्या आम्ही नेल्या," सित्लाली एका दमात बोलली. "शिक्षा करायची तर आम्हालाही करा. पण मावशीच्या गोण्या चांगल्या आहेत. आणि घर थांबवू नका."

बाईंनी दोन्ही तुकडे स्वतः पाण्यात सोडून पाहिले. "सोमवार-मंगळवारच्या फळ्या बाजूला काढा. बाकीच्यांत हे घर होतंय," त्या म्हणाल्या. "मुलांनो, माझ्या माणसांना जमलं नाही ते तुम्ही एका बादलीत शोधलंत. खरं बोललात, ते तर त्याहून मोठं."

मिस्त्री टोपी हातात घेऊन घरामागे गेला. परत आला तेव्हा मावशीची गोणी त्याच्या खांद्यावर होती आणि मागून मावशी येत होती. मावशीने सित्लालीच्या डोक्यावर टपली मारली. "बहिणीची पोर शोभतेस."

रात्री फोनवर सित्लाली म्हणाली, "आई, रविवारी दार लागतंय." आईने वार दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, "सुट्टी मागून बघते, बाळा." अशी सुट्टी तिने आधीही मागितली होती.

सगळी वस्ती कामाला लागली. रविवारी संध्याकाळी, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मिस्त्रीने स्वतः दार बसवलं. सगळे पांगले. सित्लाली रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसली.

टकटक झाली. ती धावली. बाहेर चेमा दात काढत उभा!

"पुन्हा असं केलंस तर..." ती वळून पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. चेमाचं हसू मावळलं. तो निमूट आत आला आणि तिला खेटून बसला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल," तो म्हणाला. मावशीने दिलेली मक्याची टॉर्टिया त्याने अर्धी करून तिच्या हातात ठेवली.

अंधारून आलं. हमरस्त्यावर एक बस थांबली आणि निघून गेली. सित्लालीने तिकडे लक्ष न द्यायचं ठरवलं होतं.

पुन्हा टकटक झाली.

"चेमा, पुरे," ती म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं, चेमा तर इथे शेजारी बसलाय, तोंडात घास तसाच धरून दाराकडे बघत.