जुमाकादिरच्या नावावरची व्होल्गा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच अंगणात घडली आहे, आणि ती गाडी आत्ता, हे लिहिताना, खिडकीतून मला दिसते आहे. खोटं वाटत असेल तर आमच्या कोचकोर गावाला या. डोलोन घाटाच्या वाटेवर कुणालाही विचारा.

डिसेंबरातला गुरुवार होता. संध्याकाळ. बर्फ भुरभुरत होतं.

पण आधी गाडीचं सांगते.

नुरदिन माझा धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यावर मीच त्याला वाढवला. बुटका, बडबड्या आणि जुन्या गाड्यांपायी वेडा. बॉनेटवर उडी मारणारं हरीण असलेली ती राखाडी रशियन व्होल्गा त्याने नारिन शहरातल्या सातारकुल नावाच्या मेकॅनिककडून आणली. लग्न ठरलं होतं. नवरी आणायची तर स्वतःच्या नावाच्या गाडीतून, हा त्याचा हट्ट.

"गाडी माझी, बायको माझी. एजे, तू फक्त मागे बसून रड," म्हणायचा. थोरली म्हणून मला तो एजे म्हणे.

अडचण एकच. गाडी त्याच्या नावावर नव्हती. आमच्याकडे रांगेत उभं राहून नाव कोण बदलतंय? मुखत्यारपत्र करायचं, किल्ली घ्यायची, झालं. गाडी किती का हातांतून फिरेना, कागदावर पहिलाच मालक राहतो.

या गाडीच्या कागदावर नाव होतं जुमाकादिर. त्याने किंवा त्याच्या वारसाने सही दिल्याशिवाय काही होणार नव्हतं.

आणि दुसरं एक होतं...

आरसा.

रोज सकाळी गाडीतला आरसा वर उचललेला असायचा. एखाद्या उंच माणसाने लावावा तसा. नुरदिन तो खाली ओढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

"एजे, तू बसतेस का गाडीत?"

"मला दुसरे उद्योग नाहीत? स्क्रू ढिला असेल. आधी तुझ्या डोक्यातला बघ."

त्याने स्क्रू घट्ट पिळला. सकाळी आरसा वरच होता.

रात्रभर बर्फ पडलं होतं. मी सहज चालकाच्या सीटवर हात ठेवला...

सीट गरम होती.

जुमाकादिरचा पत्ता विचारायला आम्ही सातारकुलकडे गेलो. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "आरसा राहतो का जागेवर?"

नुरदिन हसला. मला हसू आलं नाही.

"माहीत होतं तर बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोललो असतो तर घेतली असती?" तो हात पुसत म्हणाला. "मला विकणाराही बोलला नव्हता. आता तो हयात नाही. जुमाकादिरची बायको अट-बाशीत राहते, एवढं सांगून गेला. आणि म्हणाला, तिच्याकडे जाऊ नकोस."

आम्ही गेलो.

जुमाकादिरची बायको, झूराकान आपा. वाकलेली, पण नजर लख्ख. तिने पाव मोडला, चहा ओतला आणि मग गाडीकडे बोट केलं.

"मी ती विकलेली नाही. पोराच्या सुंतेचं जेवण होतं. पीठ आणायला तो कोचकोरला निघाला. गाडी डोलोनच्या माथ्यावर सापडली. दार उघडं, इंजिन चालू. बर्फावर एक पाऊल नाही. लोकांनी गाडी नेली, त्याच्या नावाने कुणीतरी सही ठोकली. मला कुणी विचारलं?"

नुरदिन हळूच म्हणाला, "आपा, मग ते वारल्याचा दाखला काढू या का? वारस म्हणून तुमची सही चालेल."

"वारला कोण म्हणालं?"

आमच्याकडे गुरुवारी मेलेल्यांच्या नावाने सात पोळ्या तेलात तळतात. तेलाचा वास त्यांना पोचतो, ते शांत होतात. आपाने नवऱ्यासाठी एकदाही तळल्या नव्हत्या.

"मी तळल्या की तो मेला," ती म्हणाली. "आणि गाडी तुला दिली तर आल्यावर तो चालवेल काय? तुझं डोकं?"

निघताना ती बाहेर आली. चालकाच्या खिडकीशी वाकली.

"घाटात बर्फ आहे. हळू जा," म्हणाली.

नुरदिन माझ्या शेजारी उभा होता.

गाडीत कुणीच नव्हतं...

परतताना घाटात नुरदिनने गाडी हळूच चालवली. घरी आल्यावर म्हणाला, "ती तळणार नसेल तर मी तळतो. बिचारा सुटेल तरी."

"त्याची बायको जिवंत आहे, नुरदिन. तिला न विचारता?"

"तिला कोण सांगतंय?"

तोच तो गुरुवार. स्वतःच पीठ मळलं, स्वतःच कढईपाशी बसला. मी चिडवलं, "भावजय आल्यावर माझी सुट्टी झाली म्हणायची." जुमाकादिरचं नाव घेऊन त्याने सात पोळ्या तळल्या आणि गाडीपाशी दुवा म्हणायला ताट घेऊन बाहेर गेला.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मग... दुसरं दार लागलं.

इंजिन सुरू झालं. इंजिन गरम करत असेल, असं मला वाटलं. मग आवाज बंद झाला. अंगणातला कुत्राही गप्प होता.

मी बाहेर आले. ताट पायरीवर. सातही पोळ्या तशाच. चाकांच्या खुणा फाटकापर्यंत गेलेल्या.

फाटकाला आतून कडी होती.

दुसऱ्या दिवशी गाडी सापडली. डोलोनच्या माथ्यावर. दार उघडं, इंजिन चालू. बर्फावर एक पाऊल नाही.

पोलिसांनी गाडी आणून दिली. मी आत डोकावले. आरसा खाली होता. नुरदिनच्या उंचीला.

आपाला कळवायला गेले.  तिने माझा हात धरला. "तळू नकोस," एवढंच म्हणाली.

नवरीकडच्यांनी वाट पाहिली, मग तिला दुसरीकडे दिली. त्यांचं तरी काय चुकलं? शेजारणी सांगतात, पोराला शांत होऊ दे, पोळ्या तळ. गुरुवारी सगळ्या गल्लीत तेलाचा वास सुटतो. मी चूल पेटवत नाही.

अधूनमधून कुणीतरी व्होल्गा विकत मागायला येतं. मी सांगते, माझ्या नावावर नाही, मालक बाहेर गेलाय.

इतके दिवस मला एकच आधार होता. रोज सकाळी आरसा खालीच असायचा. सीट गरम असायची. येऊन गेला, म्हणत मी सीटवर हात ठेवून उभी राहायची.

परवा सकाळी गेले, तर...

आरसा वर होता. पूर्वीसारखा, उंच माणसाने लावावा तसा.

मी तो खाली ओढला. नुरदिनच्या उंचीला, अगदी बरोबर.

काल तो पुन्हा वर होता. आजही.