आठाचा तिढा

मी आईबरोबर मुळ्याच्या जुड्या धुऊन काठावर रचत होते, तेवढ्यात ती पिवळी होडी सरळ माझ्या अंगावर आली.

होडी म्हणजे कयाक. बारकी, दोन माणसांची, वर चादरीएवढं शीड. आतला पोरगा दोन्ही पायांनी कायतरी दाबत होता आणि होडी त्याचं काहीच ऐकत नव्हती. आमच्या शेताला लागून अख्ख्या गंगापूर धरणाचं पाणी पसरलंय... आणि याला माझे मुळेच सापडले.

"ए, डोळे कुठं ठेवले?"

"डोळे आहेत. सुकाणू गेलंय."

"मग मुळ्यावर ब्रेक मारायचा?"

तो पाण्यात उतरला, वाहून चाललेली एकेक जुडी पकडून आणली, परत धुतली आणि रचून ठेवली. माझ्यापेक्षा स्वच्छ. मला त्याचाच जास्त राग आला.

नाव ललित. एकलहऱ्याचा, वडील तिथंच वीज केंद्रात. ही कयाक त्यानं मोडकी आणून स्वतः नीट केलेली. चार वाजता पलीकडच्या काठावर रंगनाथ सर त्याची परीक्षा घेणार होते. पास झाला तर पर्यटकांना कयाक शिकवायची नोकरी.

"आणि नापास झालास तर?"

"उद्या सकाळची कळवणची गाडी. मामाचं खताचं दुकान आहे. पप्पांनी सांगूनच ठेवलंय."

"दुकानात काय वाईट आहे?"

"तिथं पाणी फक्त बाटलीत असतं."

असं म्हणून त्यानं धरणाकडं बघितलं... आणि माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही. मी दहावीत अर्ध्यातून शाळा सोडली, त्याला चार वर्षं झाली. बंद खोलीत माझा जीव घुसमटतो. त्याच्या तोंडावरची घुसमट मला ओळखीची वाटली.

मी वाकून बघितलं. पायाखालच्या दोन पट्ट्यांपासून मागच्या सुकाणूपर्यंत दोन दोऱ्या जात होत्या. डावी पट्टी दाबली की होडी डावीकडं, उजवी दाबली की उजवीकडं. दोन्ही दोऱ्या मागं तुटल्या होत्या.

"ही गोणीची सुतळी आहे. पाण्यात कुजते. तू होडी बांधतो का कांदे?"

"घरात तीच होती..."

टोमॅटो बांधायची नायलॉनची दोरी माझ्या कमरेलाच होती. मी कयाकच्या मागं बसून भराभर गाठी मारल्या. तो सुकाणू धरून होता. गाठ ओढताना माझी बोटं त्याच्या बोटांना लागली. त्यानं हात काढला नाही. मीपण नाही. गाठ घट्ट नको का बसायला?

"वाटेत सुटली तर?" तो म्हणाला.

"माझी गाठ सुटत नसती. चल, मीच येते बघायला. आई, मी याला पलीकडं सोडून येते."

आईनं मुळ्यातून मान वर केली. "पोहता येतं ना त्याला?"

त्यानं मला लाइफ जॅकेट दिलं. बक्कल लावताना आभाळाकडं बघत होता. कान मात्र लाल.

मी पुढं, त्याच्याकडं तोंड करून बसले. मध्यापर्यंत वारा मागून होता, सुकाणू लागलंच नाही; मग तो आडवा आला. होडीच्या उजवीकडं खडक दिसायला लागले.

"डावं दाब."

"डावंच दाबतोय."

"मग उजवीकडं का चाललो?"

"तूच बांधलंय, तूच सांग."

त्यानं शीड सैल सोडलं. कयाक डुलत थांबली. मी त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं... आणि जीभ चावली. दोऱ्या एकमेकींवरून गेल्या होत्या. टोमॅटोला दोरी सरळ बांधत नाहीत, खोड घासतं. खोड आणि बांबूच्या मध्ये इंग्रजी आठाचा तिढा टाकतात. हाताला सवय. डावी दोरी उजवीकडं, उजवी डावीकडं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे वाक्य मी कधी म्हणत नाही. "सोडून बांधू?"

"वेळ नाही. तू सांग, मी उलटा पाय दाबतो."

"जमेल?"

"तुझ्या उलट वागायचं..." तो पहिल्यांदा हसला. "भीती वाटते, पण बघतो."

मी डावं म्हटलं की तो उजवा पाय दाबायचा. खडक मागं राहिले. चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही काठाला लागलो.

रंगनाथ सर डोळे बारीक करून बघत होते. "काय रे, डावीकडं वळायला उजवा पाय?"

"सर, सुकाणूची दोरी वाटेत तुटली. बांधून आणलं."

सरांनी गाठीला दोन हिसके दिले. गाठ हलली नाही. मग पाऊण तास त्यांनी त्याला पाण्यात फिरवला, आडव्या वाऱ्यात, त्याच उलट्या दोऱ्यांवर. मी काठावर नखं खात बसले. परत आल्यावर सर एवढंच म्हणाले, "सोमवारपासून ये. दोरी मात्र असलीच लाव."

आता तो रोज संध्याकाळी पाण्यातून आमच्या काठाला येतो. काल मी म्हटलं, "आण ती इकडं, तिढा सोडून सरळ बांधते."

त्यानं गाठीवर हात ठेवला. "नको."

"अरे, उलटं आहे ते."

"माहितीये. परवा सर बसले, गोल गोल फिरून आले. ही कोणालाच चालवता येत नाही." त्यानं गाठ चाचपली. "फक्त दोघांना येते. आणि मला... ते दोघंच पुरे आहेत. कायमचे."

 मी पाण्यात हात घालून उगाच बसले. तो निघाला, शीड भरलं.

"उद्या मुळे नाहीत, मेथी आहे," मी ओरडले. "धडकायचं तर लवकर ये."