भागम्माचा अर्धा राहिलेला पिक्चर

बसा. लाईट आल्याशिवाय तुमची विहिरीची मोटार चालवून दाखवता येणार नाही. कंदील लावलाय, चहा चुलीवर आहे. मघाशी तुम्ही सहज विचारलंत, धोंडप्पा, कलबुर्गीला माल आणायला जाता तेव्हा पिक्चर बघता का? आता वेळ आहे तर सांगतो.

बघायचो. म्हणजे माझी बायको भागम्मा बघायची, मी तिच्या शेजारी बसायचो. ती आळंदकडची, कन्नड घरातली. मला नावानं कशी हाक मारणार? 'री' म्हणायची, म्हणजे आपलं 'अहो'. मराठी इथं हुमनाबादकडं येऊन शिकली आणि माझ्यापेक्षा जास्त बोलायला लागली. महिन्यातून एकदा मी जळालेल्या मोटारींसाठी तांब्याची तार आणायला कलबुर्गीला जायचो, तेव्हा ती बरोबर यायची आणि तार घेण्याआधी आम्ही दुपारचा खेळ बघायचो. स्टेशनकडच्या एका जुन्या थिएटरात, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या ठरलेल्या.

तिला रडके पिक्चर चालायचे नाहीत. मारामारी पाहिजे, राक्षस पाहिजे, नाहीतर भूत पाहिजे. आणि प्रत्येकावर तिचं मत असायचं. हीरो वीस जणांना लोळवायला लागला की म्हणायची, "हे गुंड रांगेत उभे राहून मार खायलेत बघा. आमच्या गावच्या जत्रंत भांडण झालं की सगळे एकदमच अंगावर पडतेत." भुताच्या पिक्चरात बाई एकटी तळघरात उतरली की मोठ्यानं म्हणायची, "अगं, आधी बत्ती लाव की!" पुढचे लोक हसायचे. राक्षसाची मात्र तिला दया यायची. "एवढ्या तोफा आणल्या. तुला काय पायजे म्हणून त्याला कुणी इचारलं का?"

आणि भूत किंचाळलं की ती हसायची. "भूत कशाला किंचाळंल, री? मेल्यावर माणूस दमलेलं असतंय. आलंच तर गुपचूप येऊन बाजूला बसंल."

मग तिला साखर लागली. सुया सुरू झाल्या, आणि दोन वर्षांत डोळे गेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. अठ्ठेचाळीसचीही नव्हती. मला वाटलं, पिक्चर संपले आता. महिनाभर तिनं पिक्चरचं नाव काढलं नाही. मग एक दिवस मी तार आणायला निघालो तर ती नेसून तयार. "चला. तुमी बघा, मला सांगा."

मी म्हणालो, घरी टीव्हीवर ऐक की. ती म्हणाली, "घरी कुठं? तिथं भ्या वाटलं की सगळी माणसं एकदम श्वास धरतेत. ते ऐकायचंय मला."

तेव्हापासून मी सांगायला लागलो. ती माझं डावं मनगट धरून बसायची आणि मी तिच्या कानाशी कुजबुजायचो. आता तो गल्लीत शिरला. आता बाईनं मागं बघितलं. जरा थांबलो की मनगट दाबायची. "मग?"

मी मोटार दुरुस्त करणारा माणूस, मला कुठलं सांगता येतंय! पण जमलं हळूहळू. खोटंही सांगायला शिकलो. पिक्चरात लेकरू मेलं तर मी सांगायचो, वाचलं. कुत्रं मेलं तर सांगायचो, पळून गेलं. अशा वेळी माझा आवाज आपोआप मऊ व्हायचा, जरा घाईचा. तिला कळत होतं की नाही, देव जाणे. "बरं झालं," एवढंच म्हणायची.

मागच्या वर्षी माघात आम्ही एक राक्षसाचा पिक्चर बघायला गेलो. धरणाच्या पाण्यातून एक अवाढव्य जनावर बाहेर येतं, आपलं हरवलेलं पिल्लू शोधत. डब केलेला पिक्चर होता, गर्दी होती. इंटरवलनंतर जनावर धरणाच्या भिंतीवर चढलं, खाली गाव, माणसं पळायलीत. मी सांगत होतो. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "ओ काका, बाहेर जाऊन करा की कॉमेंट्री! आम्ही पैसे देऊन आलोय." सगळी रांग हसली.

मी गप्प झालो.

तिनं मनगट दाबलं. "मग?"

मी बोललो नाही. पडद्यावर भिंत फुटली, बायका किंचाळल्या, एक लेकरू आईला हाका मारायला लागलं. ती माझ्याकडं सरकली. "री, कोण रडायलंय? काय झालं?"

खरं सांगतो, मला त्या माणसाचा राग आला नव्हता. तिची लाज वाटली होती. मी तिचा हात माझ्या मनगटावरून काढला आणि म्हणालो, "गप बस की."

अर्धा तास ती तशीच बसली. मांडीवर दोन्ही हात, तोंड पडद्याकडं. काय चाललंय ते माहीत नाही, नुसत्या किंकाळ्या कानात. मग म्हणाली, "चला." पिक्चर अर्धाच राहिला. बसमध्येही बोलली नाही. हुमनाबादच्या स्टँडवर उतरताना मी हात दिला, तेव्हा म्हणाली, "आज मला लई भ्या वाटलं." तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं.

सहाव्या दिवशी सकाळी ती उठली नाही. साखर उतरली होती, डॉक्टर म्हणाले. मी शेजारीच झोपलो होतो. रात्री तिनं माझं मनगट दाबलं असेल का, हाक मारली असेल का, मला माहीत नाही. मला जाग आली नाही.

मुलगी दानेश्वरी कडगंचीला नोकरीला आहे. ती म्हणाली, अप्पा, माझ्याकडं चला. मी गेलो नाही.

वर्षभर मी तार दुसऱ्यांच्या हातून मागवली. यंदा माघात तार संपली आणि जाणारं कुणी नव्हतं. एकटाच कलबुर्गीला गेलो. दुकानदाराकडं कुणाचं तरी तेराव्याचं जेवण होतं, दुकान चारला उघडणार. भर दुपार, ऊन तापलेलं. पाय आपोआप स्टेशनकडं वळले. थिएटराच्या भिंतीवर तेच धरण, तेच जनावर. नवा पिक्चर नसला की ते जुने पिक्चर परत लावतात.

दारावर गुरुपादय्या होता. म्हातारा, बॅटरी घेऊन खुर्ची दाखवणारा. आम्हा दोघांना ओळखायचा. त्यानं माझ्या मागं बघितलं. "अक्का कुठं?"

"गेली."

तो बॅटरी लावून मला कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला, आणि निघून गेला.

आत सात-आठ माणसं, सगळी पुढं. दार लागलं आणि भर दुपारी आत काळोख झाला. कुबट वास, पंख्याची घरघर. इंटरवलपर्यंत मी नुसता बघत होतो. मग जनावर भिंतीवर चढलं. मी जिथं गप्प झालो होतो ती जागा आली, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडं वाकून म्हणालो, "भिंत फुटलीय. पाणी गावात शिरलंय. लेकरू आईला हाका मारायलंय, पण आई माडीवर हाय, तिला दिसलंय ते."

मला रडू येत होतं. म्हणून थांबलो.

"मग?"

आवाज बारीक होता. दमलेला.

मी मान वळवली नाही. वास आला... खोबरेल तेलाचा, आणि सुईच्या आधी मी तिच्या दंडाला लावायचो त्या स्पिरिटचा. डाव्या मनगटावर काहीतरी टेकलं. थंड नव्हतं. गरमही नव्हतं. बोटं होती.

"भागम्मा... त्या दिशी मी गप बसलो..."

"आता गप बसू नका. सांगा."

मी सांगायला लागलो. मिलिटरी आली. तोफा लावल्या. जनावर पिल्लाला हाका मारायलंय. प्रत्येक वेळी मनगट दाबलं जायचं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण त्याहून मोठी भीती ही होती की पिक्चर संपेल.

शेवटी जनावराला मारलं. चिखलात पडलं ते. पिल्लू उशिरा आलं आणि त्याच्या तोंडाशी जाऊन बसलं. माझा आवाज मऊ झाला. मी म्हणालो, "पिल्लू घावलं त्याच्या आईला. दोघं पाण्यात गेली. खोल पाण्यात."

मनगटावरची बोटं सैल झाली. मग...

"न्हाई, री. ती मेलीय. मला दिसायलंय."



"दिसतंय तुला?"

"आता सगळं दिसतंय."

पिक्चर संपला. नावं वर सरकली, पुढची माणसं उठून गेली. पडदा पांढरा झाला. दिवे लागले नाहीत. मनगटावरचा हात तसाच होता.

"आता मी सांगते," ती म्हणाली. "तुमी ऐका."

मी पांढऱ्या पडद्याकडं बघत होतो. तिथं काही नव्हतं.

"एक घर हाय. दार उघडं हाय. एक म्हातारा बाहेर आलाय. पायात चप्पल न्हाई. ऊन बरोबर डोक्यावर हाय."

"कोण म्हातारा?"

"तुमच्यागत चालायलाय."

"मग?"

"रस्त्याला लागलाय. रस्त्यावर कुणी न्हाई. विहिरीकडनं मोटारीचा आवाज येयलाय, तिकडं निघालाय."

"मग?"

"त्याच्या मागं..."

ती थांबली. बोटं आवळली गेली. इतकी, की हाडाला कळ लागली.

"मागं काय?"

"काय न्हाई."

"भागम्मा, मागं काय हाय?"

"सावली हाय त्याची... दुसरं काय असंल?" आवाज मऊ झाला, जरा घाईचा. "विहिरीवर गेला, पाणी प्याला, घरला आला. सुखानं आला. संपला पिक्चर."

"बरं झालं," मी म्हणालो.

तोंडावर उजेड पडला. गुरुपादय्या बॅटरी घेऊन उभा होता. "अण्णा, पिक्चर संपून लई येळ झालाय. मी दारातनं ऐकायलोय. 'मग, मग' कुणाला म्हणायलाव?"

शेजारची खुर्ची रिकामी होती. बसायचा भाग उलटा मिटलेला, कुणी न बसल्यावर असतो तसा. त्यानं माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं, पाणी दिलं.

चारला दुकान उघडलं. मी तार घेतली. बसमध्ये खिडकीशी बसलो, मांडीवर तारेचं वेटोळं. दानेश्वरीचा फोन आला. "अप्पा, जेवलात का?" म्हणाली. जेवलो म्हणालो. तिला यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझी आई भेटली आणि मला खोटं बोलली?

मला माझं काही वाटत नाही. माणूस कधीतरी जाणारच. पण ती तिथं बसून माझा शेवट बघते आहे. किंकाळी येत असेल, कोण रडतंय ते तिला दिसत असेल, आणि तिच्या कानाशी मऊ आवाजात खोटं सांगायला कुणी नाही. या गोष्टीनं मला झोप येत नाही. एक वेळ गप्प बसलो मी. एकच वेळ.

हे घ्या, चहा घ्या. गार होईल.

बस कमलापूरच्या पुढं आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भागम्माला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ती चुकली. ऊन बरोबर डोक्यावर हाय, असं तिनंच सांगितलं होतं. अशा उन्हात सावली माणसाच्या पायाखाली असते. ती मागून चालत येत नाही.